सुलभा, ते औषध अजून झालेलं नाही

सुलभा,

तुझी बातमी मीच केली. रामनगरहून फोन आला तेव्हा डेस्कवर दुसरं कोणी मोकळं नव्हतं. नाव, वय, शिक्षण, नोकरी, अल्पशा आजाराने निधन, पश्चात आई व भाऊ. आमच्या दैनिकात निधनवार्तेला जेवढी जागा मिळते तेवढ्यात ती बसली. मथळा सहकाऱ्याने दिला, 'रामनगरच्या संशोधिकेचे निधन'. संशोधन कशावर, ते छापलेल्या बातमीत नव्हतं. मी लिहिलं होतं. जागेअभावी ती ओळ काढली, असं मला सांगण्यात आलं.

ओळ अशी होती: पुरुषाच्या संमतीवर अवलंबून न राहता स्त्रीला एचआयव्हीच्या लागणीपासून स्वतःचं रक्षण करता यावं यासाठी योनीत लावायचं औषध तयार करण्याच्या कामात त्या होत्या. वाक्य लांब आहे, मला मान्य आहे. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, वसू, एका वाक्यात एवढं कोंबू नको, ते गुदमरतंय.

आता लिहिते आहे ते आमच्या दैनिकासाठी नाही. लांबच्या एका मासिकाने मागितलं आहे. त्याचे वाचक तुला ओळखत नाहीत, आणि ज्या बाईबद्दल सांगायचं आहे तिलाही ओळखणार नाहीत. तिचं नाव मी इथे अनुसया ठेवलं आहे. ओळख पटेल अशा आणखी काही गोष्टी बदलल्या आहेत. कुठल्या, ते तुझ्या लक्षात येईल.

आपला वाद अर्धा राहिला. तिथूनच सुरुवात करते.

वाद जुना होता. सुप्याचं गाव धरणाखाली गेलं तेव्हा आपण शाळकरी होतो. माणसं रामनगरच्या वसाहतीत आणून बसवली. तुमचं घर आमच्या मागच्या ओळीत आलं. वसाहतीत नळ येणार होता. नळ येणार, अशी बातमी पेपरात यायची, तुझे बाबा ती मोठ्याने वाचायचे, आणि आपण दोघी घागरी घेऊन विहिरीवरच्या रांगेत जाऊन उभ्या राहायचो. त्या रांगेत मी ठरवलं की होणार असलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. झालेलं तेवढंच खरं. तू त्याच रांगेत उभी राहून उलटं शिकलीस. नळ येणार असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तर लोक विचारत राहिले, असं तुझं म्हणणं. म्हणालंच नसतं तर विचारलं कुणी असतं? पुढे मी बेळगावला पेपरात गेले आणि तू पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला. दोघींनी आपापला हट्ट बरोबर नेला.

नव्वदीच्या मधल्या त्या वर्षांत तू संस्थेच्या कामासाठी आपल्याच तालुक्यात येऊ लागलीस. मला सुट्टी असेल तेव्हा बरोबर यायला सांगायचीस, कारण बाहेरची बाई एकटी न येता दुकटी आली की घरातल्या बायका लवकर दार उघडतात. तू औषध वाटत नव्हतीस. वाटण्याजोगं काही नव्हतंच. असं एखादं मलम निघालं तर ते कसं हवं, एवढंच बायकांना विचारायचं होतं. घट्ट की पातळ, वासाचं की बिनवासाचं, किती आधी लावायचं, नवऱ्याला कळलं तर चालेल की नाही.

आपला तालुका तू मागून घेतला होतास. मँगनीज आणि लाकूड भरलेल्या लॉऱ्या रामनगरावरून अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरत होत्या, आणि ड्रायव्हर घरी परत येत होते. त्यांच्यातले काही वाळत चालले होते. गावात त्याला गोव्याचा रोग म्हणत. गोव्यात त्याला कुठला म्हणत असतील, कोण जाणे. निरोधच्या पाट्या चेकपोस्टवर लागल्या होत्या. पाटी पुरुषाशी बोलत होती. बाईने काय करायचं हे कुठल्याच पाटीवर नव्हतं, कारण तिच्या हातात देण्यासारखं काही कोणाकडे नव्हतं. तुझ्या सगळ्या कामाचा अर्थ तू मला रामनगरच्या स्टँडवर उभ्या उभ्या सांगितला होतास.

"त्याला विचारावं लागू नये, वसू. बस्स."

पहिली बैठक अनुसयाच्या मागल्या अंगणात झाली. बैठक म्हणून बायका आल्या नसत्या. भिरंडं फोडायला आल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस जंगलातून भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, टोपल्या भरून येतात. ती फोडायची, बिया बाजूला करायच्या, साली रसात बुडवून उन्हात घालायच्या. त्यांची सोलं होतात. उरलेल्या रसात मीठ घालून आगळ करायचं आणि बरण्या भरायच्या. हे काम तिथे कोणी एकटी करत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. पुरुष तिकडे फिरकत नाहीत, कारण फिरकले की त्यांना बियांच्या टोपल्या उचलायला लावतात. तुला ती जागा बरोबर सापडली. तूही पदर खोचून फोडायला बसलीस आणि थोड्याच वेळात तुझेही हात मनगटापर्यंत लाल झाले.

सुरुवातीला कोणी तोंड उघडलं नाही. तू विचारलंस, नवऱ्याला न कळता लावता आलं पाहिजे का? त्यावर तुळसाक्का, वयाने सगळ्यांत मोठी, मान वर न करता म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलं तर दारातनं वरडतोय. ह्ये कळायचं न्हाई व्हय त्याला?"

मग मात्र सगळ्याच बोलायला लागल्या. रंग लाल नको, सासू म्हणेल बाहेरची झाली. वास मासळीचा सोडून कसलाही चालेल. लावून किती वेळ थांबायचं? आमचा तर जेवण झालं की पाच मिनिटांत घोरतोय, त्याच्या आधी लावायचं की नंतर? तू हसत होतीस आणि डोक्यात सगळं टिपून ठेवत होतीस. मी कोपऱ्यात बसून सोलं पसरत होते.

अनुसया हसत नव्हती. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासू परशरामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, दुसऱ्या लग्नाचं उघडपणे बोलू लागली होती. परशराम मँगनीजच्या लॉरीवर ड्रायव्हर. त्याच्याच गाडीवरचा जोडीदार त्या वर्षी वाळून गेला होता. अनुसया त्याच्या बायकोला भेटून आली होती आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. तिने परशरामजवळ निरोधचा विषय काढला होता. तो रागावला नाही, हात उगारला नाही. गोव्याहून आणलेले बांगडे त्याने तिच्यासमोर ठेवले आणि एवढंच म्हणाला, घरात कशाला? हे घर हाय.

ती तुला म्हणाली, "अक्का, तुमचं त्ये मलम रोगाला मारतंय कसं, सांगा की."

तू हातातलं भिरंड वर धरलंस. बाईच्या शरीरात मुळातच आंबटपणा असतो, म्हणालीस. त्या आंबटपणात पुष्कळसे जंतू टिकत नाहीत. पुरुषाकडून जे येतं ते तो आंबटपणा काही वेळ मोडतं, आणि त्या वेळात रोगाला वाट मिळते. आमच्यातले काही जण असं मलम करायच्या खटपटीत आहेत, की ते आत लावलं तर आंबटपणा मोडायचाच नाही. "आंबट राखायचं," तू म्हणालीस. "हे भिरंड बरणीत किडत नाही, तसं समजा."

उदाहरण बायकांना पटलं. मलाही पटलं. विज्ञानाची पानं मी पाहत असे, आणि एवढ्या कमी शब्दांत कोणी समजावलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तुळसाक्का म्हणाली, म्हणजे आमी सगळ्या आगळाच्या बरण्या म्हणा की. त्यावर पुन्हा हशा झाला. तू बजावून सांगितलंस की असं मलम अजून झालेलं नाही, काही वर्षं लागतील. ते वाक्य मी स्पष्ट ऐकलं. तिथल्या प्रत्येकीने ऐकलं असेल.

उठता उठता अनुसयाने शेवटचं विचारलं. "पोर ऱ्हाईल काय त्यातनं?"

तू हातातलं भिरंड खाली ठेवलंस. मग खरं ते सांगितलंस. आत्ता ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त काम चाललंय ती औषधं बीजालाही मारतात. रोग थांबेल आणि मूल थांबणार नाही, असं करता येईल का, यावरही विचार चालू आहे. नक्की काही नाही.

"म्हंजे निरोधच की," एकजण म्हणाली. "नुसता पातळ केल्याला."

अनुसया बिया टोपलीत भरत राहिली.

दसऱ्यानंतर आपण पुन्हा गेलो. अनुसया विहिरीवरून येताना दिसली, पाय फाकवून, जपून टाकत. तू तिला काही न विचारता गावातल्या नर्सबाईंच्या खोलीत नेलंस. मी बाहेर बाकावर होते. दार लोटलेलं होतं, आतलं ऐकू येत होतं.

परशरामची गाडी यायची त्या दिवशी ती स्वच्छ फडक्याची घडी आगळात बुडवून आत ठेवत होती. दोन-तीन महिने. आधी नुसती आग व्हायची. ती तिने सोसली, कारण औषध लागतंय म्हणजे काम करतंय अशी तिची समजूत. बाजारकुणंगला तिचं माहेर. तिथल्या भावजयीलाही तिने हा उपाय सांगितला होता. आगळाने पोर थांबत नाही, हे तिने स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. भिरंडाने कुणाचं पोर थांबलेलं तिने ऐकलं नव्हतं.

आत जखमा होत्या. तू तिला समजावलंस, ते मी दारातून ऐकलं. आवाज तुझा नेहमीचा होता, फक्त सावकाश. आपल्या अंगातला आंबटपणा हलका असतो आणि आगळाचा कडक, त्यात मीठ. त्याने आतली कातडी सोलते. सोललेल्या जागेतून रोग आणखी सहज शिरतो. हे आजपासून बंद.

"मग आंबट म्हणून कशाला सांगिटलासा?"

तू म्हणालीस, "चुकलं माझं."

"चुकलं ऱ्हाऊ दे. दुसरं काय द्या."

"दुसरं नाही, अनुसया. अजून काही झालेलं नाही."

"कवा हुणार?"

त्यावर तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. नंतर तू तिला रक्त तपासून घे म्हणालीस. ती म्हणाली, कळून काय करू? म्हायेरला जाऊ? आणि साडी सारखी करत बाहेर आली. माझ्याकडे पाहून तिने विचारलं की बाई, चा घेतासा काय. आपण तिच्या घरी जाऊन चहा घेतला. सासूने तुला विचारलं की पोर व्हायला काही औषध आहे का तुमच्याकडे.

बाजारकुणंगला आपण त्याच दिवशी गेलो. भावजयीने एकदाच वापरून सोडून दिलं होतं. आग सोसवली नाही, म्हणाली, आणि आगळापेक्षा आपला नवराच बरा असं वाटायला लागलं तेव्हा बरणी मागं ठेवली. तू हसली नाहीस. त्या दिवशी तुला कशानेच हसू आलं नाही.

त्यानंतरचा वाद कॅसलरॉकच्या फलाटावरचा. रेल्वेच्या गँगमनांच्या बायकांना भेटून आपण लोंड्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. गाडी उशिरा होती. मी माझं म्हणणं मांडलं. जे हातात नाही ते सांगू नये. अर्धी माहिती ही अफवेपेक्षा वाईट, कारण ती खरी असते. तू अंगणात आंबटपणा सांगितला नसतास तर तिला जखमा झाल्या नसत्या.

"आणि रोग?" तू विचारलंस. "मी गप्प बसले असते तर रोग झाला नसता काय गे?"

मी म्हणाले, तो प्रश्न वेगळा.

"तोच प्रश्न आहे. तुझ्याकडं घटना घडली की बातमी. बायकांच्या हातात द्यायला काही झालेलं नाही, हे कधी घडणार? ते रोजच घडतंय. झालं नाही हीच बातमी आहे, वसू. ती लिही."

मी लिहिली. तुला आठवत असेल, आपण तो मजकूर बेळगावच्या माझ्या खोलीवर बसून केला होता. संपादक सज्जन गृहस्थ होते. पेपर घरात सगळे वाचतात, म्हणाले, मुलीही वाचतात. एक शब्द त्यांनी 'विशिष्ट अवयव' केला, पुढचे दोन परिच्छेद काढले आणि जे उरलं ते आरोग्याच्या सदरात आलं. वाचणाऱ्याला ते पोटाच्या विकारावरचं वाटलं असतं. तू कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलंस. मला वाईट वाटेल असं काही बोलली नाहीस. त्याऐवजी म्हणालीस की शीर्षक छान आहे. शीर्षकही त्यांनीच दिलं होतं.

फलाटावर तू आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. ती मी तेव्हा नीट ऐकली नाही असं तुला वाटलं. ऐकली होती. ज्या औषधावर जगभर सगळ्यांची आशा होती ते साबणाच्या जातीचं होतं. परीक्षानळीत विषाणू त्याने मरत होता. पण वारंवार वापरलं तर आतली कातडी दुखावते, अशा शंका येऊ लागल्या होत्या. तू हे सांगत होतीस तेव्हा मालगाडी जात होती, आणि तू आवाज चढवला नाहीस. ती जाईपर्यंत थांबलीस आणि मग वाक्य पुरं केलंस. अनुसयाने आगळाने जे केलं आणि आम्ही प्रयोगशाळेत जे करतोय, त्यात फरक एवढाच की तिने आधी स्वतःवर केलं.

मला त्यावर म्हणायचं होतं की फरक तेवढाच नाही. तुम्ही तपासता, थांबता, कबूल करता. तिला थांबायची सोय नव्हती, कारण लॉरी यायचा दिवस कोणी पुढे ढकलणार नव्हतं. पण गाडीची घंटा झाली आणि तू पिशव्या उचलल्यास. ते माझ्याकडून राहिलं. आज लिहून ठेवते.

पुढच्या दोन वर्षांत तू चार-पाचदा आलीस. प्रत्येक वेळी अनुसयाकडे गेलीस, काम असो नसो. उदाहरणं देणं तू बंद केलं होतंस, माझ्या लक्षात आलं होतं. बायकांना तू आधी सांगायचीस की काय करायचं नाही: तुरटी नाही, लिंबू नाही, आगळ नाही, डेटॉल नाही. मग सांगायचीस की औषध अजून झालेलं नाही. त्यानंतर त्यांचं ऐकत बसायचीस. पुण्यात वरिष्ठांशी तू भांडत होतीस की मूल न थांबवणारं औषध हा नंतरचा प्रश्न नाही, पहिला आहे. हे तुझ्या सहकारी बाईंनी मला नंतर सांगितलं. तू मला फक्त म्हणायचीस, अनुसयाचं काम रखडलंय. जणू तिचं एखादं लग्नाचं जंपर शिवायला घेतलंयस.

तुझ्या आजाराबद्दल लिहीत नाही. त्याचं नाव वेगळं होतं, आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. पण रामनगरला ते पोचलं नाही. तुला घरी आणलं तेव्हा अंगणात माणसं पुष्कळ होती, दारात थोडी, आणि आत कोणीच नाही. मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. ती त्या रोगाचंच काम करत होती, एवढं एकमेकींच्या कानात पुरेसं होतं. तुझी आई पाण्याचा हंडा घेऊन बसली होती. तुला न्हाऊ घालायचं होतं. मी खांद्याकडून धरलं. पायाकडे कोणी नव्हतं. तुळशीजवळ तुझ्या काक्या, चुलतबहिणी, शेजारणी उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना बाळंतपणाला तू दवाखान्यापर्यंत नेलेलं. पाणी निवत चाललं. आई कुणाकडेही बघत नव्हती.

अनुसया मागल्या दाराने आली. तिने पदर खोचला आणि तुझ्या पायांशी बसली.

तुळसाक्का तुळशीजवळून म्हणाली, "अगे, पोटुशी हाईस तू. मढ्याला शिवू नगं. हो लांब."

मला ते तेव्हा कळलं. तुला कळायचं राहून गेलं, म्हणून मुद्दाम लिहिते: अनुसयाला दिवस गेले आहेत. आपल्याकडे गरोदर बाई प्रेताजवळसुद्धा येत नाही, तिचा नवरा खांदाही देत नाही. अनुसयाने तांब्या भरला आणि तुझ्या पायांवर ओतला.

"मला बघिटलं तवा ही लांब ऱ्हायली व्हती काय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तुळसाक्का अंगणातून दारापर्यंत आली. मग चप्पल काढून आत आली आणि दुसरा तांब्या घेतला. त्यानंतर आणखी दोघी आल्या. बाकीच्या आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली, तुमच्या परसात, धुतलेली भांडी पालथी घालताना. तुला सांगायला थांबली होती, म्हणाली. तू दिवाळीला येशील म्हणून. औषधाची वाट बघितली. आगळ तेव्हाच सोडलं होतं, निरोधचं परशराम ऐकत नव्हता. मग सासू खानापूरकडची एक मुलगी बघून आली.

"किती वाट बघू, बाई? पोर बी तिथनंच येतंय, रोग बी तिथनंच येतोय. कोनाला आत घ्यायचं त्ये माझ्या हातात न्हाई. अक्काला ठावं व्हतं. ती रागं भरली नसती."

भरली नसतीस. मी भरले असते, कदाचित. मी फक्त विचारलं, परशराम कसा आहे. खोकतोय, म्हणाली. गाडीवर जातोय. पाळणा आत्ताच आणून ठेवलाय येड्यानं.

मग तिने मला ते विचारलं, जे तू तिला दर वेळी सांगत होतीस आणि ती टाळत होती. रक्त कुठे तपासतात. मी संगट येईन काय. एकटीचं असतं तर कशाला कळून घेतलं असतं, म्हणाली. आता दोघांचं आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही बेळगावला जाऊन आलो. ती खिडकीशी बसली आणि खानापूर येईपर्यंत बाहेर बघत होती. मग पिशवीतून बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. यंदाचं आगळ होतं. "सारात घाला, बाई," ती म्हणाली. "दुसरीकडं नगं." बसमध्ये आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टरने वळून पाहिलं. तू असतीस तर तुला त्या हसण्याचं वाईट वाटलं असतं की बरं, मला ठरवता येत नाही.

रक्त दिलं. दंडाला कापूस दाबून ती बाकावर बसली आणि म्हणाली, हे तुमी अक्कावर लिवनार हाईसा न्हवं? मी हो म्हणाले. हा मजकूर मी तिला वाचून दाखवला आहे. तिने एकच भर घालायला लावली: परशराम वाईट माणूस नाही, असं लिहा. लिहिलं आहे. आणि एक अट तिने त्याच दिवशी बाकावर घातली होती. निकाल चांगला आला तर अक्काला सांगा. वाईट आला तर सांगू नका, तिला वाटेल आपलं काम वेळेत झालं नाही म्हणून.

मी तिला शब्द दिला. आलेली बातमी दाबणार नाही, या नियमावर मी इतकी वर्षं नोकरी केली आहे, पण त्या बाकावर मला तो नियम सांगता आला नाही. निकाल आल्यावर लिहायला बसले तर काय लिहिलं आणि काय गाळलं यावरूनच तुला सगळं कळेल. तू माझी कॉपी तशीच वाचायचीस. म्हणून हा मजकूर निकालाच्या आधी पाठवते आहे.

आज जेवढं ठाऊक आहे तेवढं देते. अनुसयाला पाचवा महिना लागला आहे. परशराम गाडीवर आहे. तुझ्या जागी संस्थेत कोणी आलेलं नाही. बायकांच्या हातात देता येईल असं औषध अजून झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य बातमी आहे असं तुझं म्हणणं होतं. मी ते मान्य करून लिहिलं आहे, आणि मासिकाच्या संपादकांना ते कापू नये असं कळवलं आहे.